बत्तीसची कंबर

माझ्या दादाने आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही, आणि त्याच गोष्टीचा मला फार राग येतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. टेलर आहे. औषधांच्या दुकानाला लागून त्याची दहा बाय बाराची खोली. पुढे काउंटर, मागे दोन मशीन, खिळ्यांना अडकवलेले कागदी साचे, आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. त्या स्टुलावरही बहुतेक वेळा कुणाची तरी इस्त्री केलेली पँट बसलेली असते. पस्तीस वर्षं तो तिथेच आहे. कुणी एकच कॉलर बदलून घ्यायला तिसऱ्यांदा आलं, तरी हा म्हणणार, "बसा, लगेच करून देतो." मी असते तर कात्री दाखवली असती. आम्ही एकाच आईची लेकरं, हे लोकांना पटतच नाही.

तर दादाची एक खोड होती. इतर टेलर टेप लावली की आकडा मोठ्याने म्हणतात, दुकानातल्या चार माणसांना ऐकू जाईल असा. दादा कधीच म्हणायचा नाही. तो टेप लावायचा, चष्म्यावरून बघायचा आणि मापाच्या वहीत पेन्सिलीने गुपचूप लिहायचा. शिवताना तो आतल्या शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचा, टेलर लोक त्याला माया म्हणतात. मग कुणी चेन बदलायला पँट आणली आणि ती कमरेत घट्ट होतेय असं त्याला दिसलं, की चेनबरोबर शिवणही उसवून, माया सोडून, पुन्हा शिवून द्यायचा. न मागता, न सांगता. माणूस घरी जाऊन पँट चढवायचा आणि खूश व्हायचा. कमरपट्टीच्या आत दुकानाच्या नावाची चिंधी असायची, तिच्यावर शाईने कमरेचा आकडा. पहिल्या खेपेला जो आकडा पडला तोच जन्मभर, पुढच्या नव्या पँटवरही. कंबर वाढो, आकडा वाढायचा नाही.

यामागे कारण होतं. दुकान नवीन असताना एका शाळेतल्या बाईंना तो सहज बोलून गेला, "बाई, कंबर तीन इंच वाढली तुमची." बाई तिथेच स्टुलावर बसून रडल्या. दादा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने तोंडाला टाका घातला.

आता आमचे हे. हे पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. सकाळी खुर्चीत बसले की संध्याकाळीच उठायचे. मधे अकराला आणि चारला चहा, त्यात तीन चमचे साखर, बरोबर बिस्किटं, आणि बिस्किटं मोजायची नाहीत असा नियम. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, पण जिना कसा दिसतो हे यांना माहीत नव्हतं. रविवारी जेवण झालं की "थोडा भात उरलाय का" म्हणून पुन्हा ताट पुढे. मी काही बोलले की हे उठून कमरपट्टी उलटी करायचे आणि चिंधी दाखवायचे.

"लग्नात बत्तीस, आजही बत्तीस. कापड खोटं बोलतं का?"

पाहुण्यांसमोरसुद्धा. माणसाला काही लाज? मला दिसत होतं हो. दारातून आधी यांचं पोट आत यायचं आणि मग हे. पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की दादाच्या शिलाईवर? मी दादावर ठेवला. बावीस वर्षं.

मागच्या वर्षी ऑफिसने सगळ्यांची तपासणी सक्तीची केली. हे एकटे जाणार नाहीत म्हणून मी सोबत गेले. नर्सने पोटाला टेप लावली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एक्केचाळीस."

"तुमची टेप चुकीची आहे," हे म्हणाले. "माझी बत्तीस आहे."

नर्स म्हणाली, "काका, टेप बरोबर आहे." यांनी चक्क कमरपट्टी उलटी केली आणि तिला चिंधी दाखवली. ती बिचारी एकदा चिंधीकडे, एकदा यांच्या पोटाकडे बघत राहिली. मला हसू आवरेना. माझं ते हसू त्या दिवसाचं शेवटचं ठरलं, कारण नंतर रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं.

वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या, पण बोलायला सरळ. तीन महिन्यांची सरासरी साखर त्यांनी वाचून दाखवली. रक्तदाबही वर. मग यांचे मोजे काढायला लावले, पातळ दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला ठिकठिकाणी टेकवलं आणि डोळे मिटून सांगायला लावलं, कळतंय का. टाचेला कळलं. मधल्या बोटांना कळलं. अंगठ्यापाशी हे गप्पच. त्यांना काही टेकलंय हेच कळलं नाही.

"मुंग्या किती दिवस येतात?" बाईंनी विचारलं.

"येतात अधूनमधून. बुटांमुळे," हे म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

"बुटांमुळे नाही. ही साखर सात-आठ वर्षं तरी वाढत असणार. आता आवर घातला नाही तर पायाला जखम होईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. पुढे पाय वाचवणं अवघड होतं. कपडे कमरेत घट्ट व्हायला लागले, तेव्हाच यायला हवं होतं तुम्ही."

कपडे घट्ट. ते कधी झालेच नव्हते. मी यांच्या कमरपट्टीकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिथून मी तडक दुकानात. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं, नंतर या. मापांच्या वह्या खालच्या फळीवर असतात, त्या ओढून काढल्या. यांचं पान सापडलं. बत्तीस. खाली तेहेतीस. साडेचौतीस. छत्तीस. वर्षं घातलेली, दादाचं अक्षर मोत्यासारखं. सर्वांत शेवटी एक्केचाळीस. नर्सने जे एका मिनिटात सांगितलं, ते या माणसाला महिन्यांपासून ठाऊक होतं. वही मी काउंटरवर आपटली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही.

"अगं, मेहुण्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, तुमचं पोट सुटलंय म्हणून?" दादा म्हणाला. "वाईट वाटलं असतं त्यांना."

"आणि पाय गेला असता म्हणजे बरं वाटलं असतं?"

दादाने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मी घरी आले. त्यानंतर पंधरा दिवस मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही, वहिनीचा फोनही घेतला नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी पावणेसहाला दारावर टकटक. बघते तर दादा. पायात नवे कॅनव्हासचे बूट, लेस चुकीच्या ओवलेल्या.

"मेहुण्यांना चालायला घेऊन जातो," म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

पाऊण तासाने दोघे परत आले. हे ठीक होते. दादाच यांच्या खांद्यावर हात टाकून, धापा टाकत येत होता. "दादा मला चालवायला आलेत असं वाटलं होतं," हे म्हणाले, "मीच त्यांना धरून आणलं." तेव्हा कुठे आम्ही तिघं पहिल्यांदा हसलो. दादाने काही वर्षांपूर्वी मशीनला मोटर बसवली होती. त्याआधी दिवसभर पायाने मशीन हाणायचा, पोटऱ्या लाकडासारख्या होत्या. मोटर आली आणि पाय नुसते टेबलाखाली ठेवायला उरले. त्याच आठवड्यात त्याने मोटर काढून टाकली. वहिनी म्हणाली, चला, दुकानात व्यायामशाळा आली.

स्वयंपाकघर माझ्या हातात. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ताट काढून दिलं होतं, तो कागद मी ओट्यावर चिकटवला. अर्ध्या ताटात भाज्या, पाव भागात डाळ नाहीतर अंडं, उरलेल्या पाव भागात भात. बिनसाखरेचा पहिला चहा प्यायल्यावर यांनी असं तोंड केलं की जणू मी विष घातलंय. बिस्किटांचा डबा मी शेजारी देऊन टाकला. मग नुसतं चालून भागत नाही, ताकदीचा व्यायामही हवा, स्नायू काम करायला लागले की रक्तातली साखर तेच वापरतात, असं बाईंनी सांगितलं. म्हणून हे पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन हातांत घेऊन खालीवर करायचे आणि दादा समोर बसून मोजायचा. मोजताना दोनतीन जास्तीचे पदरचे घालायचा. मी ओरडायचे, "दादा, पुन्हा तेच?" मग बरोबर मोजायचा.

चारदा यांचा नेम मोडला. एकदा ऑफिसातल्या कुणाच्या तरी बढतीचा केक, एकदा सर्दी, एकदा नुसता आळस, आणि एकदा माझ्याशी भांडण. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी पावणेसहाला दादा दारात उभा. न बोलता. त्याच्या त्या गप्प उभं राहण्याला हे माझ्या बोलण्यापेक्षा जास्त घाबरतात.

वर्षाने कंबर सदतीस झाली. सरासरी साखर बरीच खाली आली आणि एक गोळी कमी झाली. मुंग्या थांबल्या, अंगठा मात्र बधिरच आहे. "गेलं ते परत येईलच असं नाही," बाई म्हणाल्या, "राहिलंय ते सांभाळा." दादाने यांना नवी पँट शिवली आणि चिंधीवर खरा आकडा घातला. हे आता पाहुण्यांना तो सदतीस दाखवतात. सवय काही जात नाही.

आणि मागच्या आठवड्यात मी ड्रेसचं कापड घेऊन दुकानात गेले. भाचीचं, म्हणजे दादाच्याच मुलीचं लग्न ठरलंय.

"नेहमीचंच माप," मी म्हटलं. "कंबर चौतीस."

"घेऊन बघू," दादा म्हणाला. त्याने टेप लावली. मग त्याने आकडा तोंडाने म्हटला. मोठ्याने. "चाळीस."

"टेप नीट धर."

त्याने पुन्हा लावली. पुन्हा चाळीस.

"मग आधीचे ड्रेस?" मी विचारलं, पण विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

"सैल करत आलो. वर्षभर सांगेन सांगेन म्हणतोय. धीर होत नव्हता."

माझं डोकं भडकलं. तोंड उघडलं, आता याला सोडत नाही म्हणून. तेवढ्यात दादा म्हणाला, "आईचेही कपडे मीच सैल करायचो गं."

मी हातातलं कापड काउंटरवर ठेवलं.

"शेवटच्या दोन वर्षांत चारदा. ती म्हणायची, माझं पोर किती छान शिवतं, जुने कपडे अजून अंगाला बसतात. पाय सुजायचे तिचे, चप्पल घालताना मी बघायचो. दोन्ही गोष्टी जोडल्याच नाहीत कधी. मागच्या वर्षी तू वही आपटलीस ना, तू गेल्यावर मी आईचं पान काढून बघितलं."

आई सत्तावन्नाव्या वर्षी गेली. सकाळी भाजी चिरता चिरता खाली बसली आणि संपलं. सोळा वर्षं आम्ही सगळ्यांना सांगत आलोय, अचानक गेली. अचानक काही नव्हतं. दादाच्या अक्षरात, तारखेनिशी सगळं लिहिलेलं होतं.

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मी त्याच्या खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, त्यावरची पँट खाली पडली तरी.

"ड्रेस चाळीसचाच शिवतो," तो म्हणाला. "छान शिवतो. पण तू आधी रक्त तपासून ये. तुला वाईट वाटलं तर वाटू दे."

आज सकाळी रक्त देऊन आले. डॉक्टरीणबाईंनी आईचं विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं, अचानक हा शब्द वापरला नाही. रिपोर्ट उद्या संध्याकाळी मिळेल. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. हे येतो म्हणालेत, पण यांना मी घरीच बसवणार आहे. मी दादाला बरोबर घेऊन जाणार आहे. जे असेल ते त्यानेच मला वाचून दाखवायचं, मोठ्याने.