फ्लेक्सवरचं चौकोनी भोक

विमलआक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. उंब्रजला हायवेलगत आमचं औषधांचं दुकान आहे. फोन खांद्याने कानाशी दाबून मी दुसरं कुलूप काढत होते. सांगलीहून माझी मुलगी स्नेहल बोलत होती. "आई, आत्या उठत नाहीये," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, श्वास आहे का? नाही. हात गार आहे? हो. मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि शेतात गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. गार हात म्हणजे काय ते मला कळतं. उगाच आशा धरत बसण्यात अर्थ नव्हता.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. त्यांना जाऊन महिना होऊन गेला. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नदीकाठी माइक लावून भाषणं झाली. आमच्याकडे माणूस मेला तरी माइक सुटत नाही. एकजण म्हणाला, विमलताई म्हणजे मायेचा सागर. दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. या दोघांपैकी एकालाही आक्कांनी आयुष्यात कधी दारात उभं केलं नसतं. त्या तिरसट होत्या. ज्यांना त्या कवडीची किंमत देत नसत अशा लोकांची यादी लांबलचक होती आणि तीत बरीच वर्षं माझंही नाव होतं. त्याचं कारण अगदी योग्य होतं. त्या सागराखाली खरी बाई बुडू नये म्हणून हे लिहिते आहे.

आक्कांचं सासर कवठे महांकाळकडचं. नवऱ्याने दुसऱ्यांदा हात उचलला त्या दिवशी त्या अंगावरच्या साडीनिशी एसटीत बसल्या आणि माहेरी आल्या. माहेरचा कारभार माझे चुलत सासरे, तात्या, यांच्या हातात. उंबऱ्यातच ते म्हणाले, "दिलेली लेक सासरची. हितं तिचं काय काम न्हाई." आक्का तांब्याभर पाणी प्यायल्या आणि सांगलीची गाडी धरून गेल्या. बारावी सायन्स झालेल्या होत्या. तेवढ्यावर एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्या. काचेची भांडी धुवायची, रसायनं काढून द्यायची, बाटल्यांना लेबलं लावायची. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. घरच्या कुठल्याही कार्याची पत्रिका त्यांना पोस्टाने जायची, म्हणजे त्या येऊ नयेत अशा बेताने.

स्नेहलच्या बारशाला मात्र त्या आल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण तात्यांच्या बायकोने सांगितलं, नवऱ्याला सोडलेल्या बाईने पाळण्याला हात लावायचा नाही. मग कुठल्याशा लांबच्या नणंदेला पुढे केलं. आक्का दाराजवळ बसून घुगऱ्या खात होत्या. मी पाळण्याशेजारी होते. तोंड उघडता आलं असतं, उघडलं नाही. ही माझी गोष्ट. या लेखात मी दुसऱ्यांना जे म्हणणार आहे, ते आधी स्वतःला म्हणून घेतलेलं आहे.

बावीस वर्षांनी स्नेहल एम.एस्सी.ला सांगलीत गेली आणि मी तिला आक्कांच्या दोन खोल्यांत ठेवली. तोवर त्या रिटायर झाल्या होत्या. तात्यांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "तुमच्या ओळखीचं सांगलीत कोण असलं तर सांगा, तिथं ठेवते." तात्यांच्या ओळखी सगळ्या स्टेजवरच्या होत्या, दोन वर्षं पोरीला जेवूखावू घालील असं कुणी निघालं नाही.

आक्कांच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यालासुद्धा लेबल असायचं. वर नाव, खाली दोन ओळी: भरल्याची तारीख, उघडल्याची तारीख. मी औषधवाली असूनही मला ते जरा जास्तच वाटायचं. त्यांची दुसरी सवय काच बघण्याची. चहाचा ग्लास धुतला की उपडा न घालता उजेडात धरायच्या. पाणी आतून सलग ओघळून गेलं तर काच स्वच्छ. कुठे थेंब चिकटून राहिला तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा धुवायची. स्नेहलला पहिला महिनाभर त्यांनी ग्लासच धुवायला लावले. पोरगी माझ्याकडे रडत तक्रार करायची. मी आक्कांना फोन केला तर म्हणाल्या, "आगं, डाक्टर झाल्याली पोरं बघितलीत मी, गाईडच्या पाया पडून झाल्याली. घाणेरड्या चंबूत पाच वर्षं प्रयोग केला आन मग म्हंत्यात आकडे जुळंनात. कसं जुळतील? आदल्याचा साबण हाय की त्यात."

गेल्या उन्हाळ्यात स्नेहलला दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. ईमेल आला, त्याला जोडून सूचनांची आठ पानं आली. अमुक तारखेला सकाळी साडेनऊ वाजता मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर व्हायचं. नाही झालात तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. एवढं स्पष्ट. पण आमच्या गावात सूचना वाचत नाहीत, फोटो मागतात. चौथ्या दिवशी हायवेच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. वर तात्या हात जोडून, त्यांच्या बाजूने सोसायटीचे अकरा संचालक, खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी स्नेहल. आणि अक्षरं ही एवढी: डॉ. स्नेहल यांची शास्त्रज्ञपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. पोरगी अजून घरात बॅग शोधत होती. मी तात्यांना म्हटलं, "आवं, पीएच.डी. व्हायला पाच वर्षं लागतील. आत्ता नुसतं नाव लागलंय." तात्या म्हणाले, "तेच की गं. आज न्हाई तर उद्या व्हनारच. पाच वर्षांनी परत छापायचा खर्च कशाला?" ज्या माणसाला पोचणं आणि पूर्ण करणं यांच्यात फरक दिसत नाही, त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा शटर पाडून घरी जावं.

तात्यांनी ठेवलेल्या सत्काराला आक्का सांगलीहून आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. स्नेहलला तयारीसाठी आपल्याकडे न्यायला आल्या होत्या. फाट्यावर उतरल्या, फ्लेक्सखाली उभ्या राहून सगळा वाचला आणि दुकानात येऊन म्हणाल्या, "ब्लेड दे." मी दिलं. दुकानातलं स्टूल उचलून त्या गेल्या, चढल्या आणि भर दुपारी, रिक्षावाल्यांच्या देखत, 'डॉ.' तेवढा चौकोनात कापून काढला. कड इतकी सरळ की वाटावं छापखान्यातूनच तसा आलाय. तुकडा पर्समध्ये घातला. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. एका रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, काय करतायसा?" आक्का म्हणाल्या, "चूक दुरुस्त. तुजंबी नाव हाय का ह्यात? मंग गप बस." त्यानंतर त्या भोकातून हायवेवरचे ट्रक जाताना दिसायचे. तात्यांनी विरोधी पार्टीवर आळ घेतला आणि दोन दिवस गावात त्याचीच चर्चा चालली. मी ब्लेडची पट्टी जागेवर ठेवली आणि गप्प राहिले. या खेपेला गप्प राहिल्याचं मला काही वाटत नाही.

मग तयारी सुरू झाली. तात्यांच्या मते तयारी म्हणजे फेटा, शाल आणि पाच गावांचे पाच नारळ. आक्कांची तयारी अशी: सुती कोट, कारण नायलॉन अंगावर वितळतं. पाय झाकणारे बूट. केस बांधायची सवय घरापासून. आणि वही. सुट्या चिठोऱ्यावर आकडा लिहायचा नाही, तळहातावर तर नाहीच. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली सही, तारीख. खोडरबर घरात दिसायला नको. स्नेहलने एकदा भाताला लागलेला वेळ अंदाजे लिहिला, तर आक्कांनी तिला पुन्हा भात लावायला सांगितला. "बगितलं न्हाईस तर लिवू नगंस. 'बगितलं न्हाई' असं लिव." स्नेहल म्हणाली, "आत्या, हे सगळं तिकडे शिकवतील." आक्का म्हणाल्या, "तिकडं कुनी शिकवत न्हाई. तिकडं हसत्यात. तुला हसायच्या आदी मी हसून घेते."

हजर व्हायला नऊ दिवस उरले होते तेव्हा आक्का गेल्या.

मला वाटलं होतं सांगलीतच सगळं उरकेल. पण तात्या गाडी घेऊन हजर. "आपली लेक हाय, आपल्या मातीत जाऊ दे." जिवंतपणी जिला पाण्याच्या तांब्यावर परत पाठवली, तिला मेल्यावर फुलांनी सजवलेल्या गाडीतून गावात आणली. ज्या फ्लेक्सला भोक होतं, त्याच्यावरच नवा फ्लेक्स चढला: भावपूर्ण श्रद्धांजली. आक्कांचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, भुवया आखडलेल्या. त्याही फ्लेक्सवर तात्या होतेच, या खेपेला हात न जोडता.

रक्षाविसर्जन झालं आणि ओसरीवर तात्यांनी जाहीर केलं की तेराव्यापर्यंत घरातलं कुणी बाहेर पडायचं नाही. स्नेहलची गाडी सातव्या दिवशी मिरजेहून होती. मी म्हटलं, तिला हजर व्हायचं आहे. "कळवा की त्यास्नी. दुःख झालंय म्हनावं. मानसंच हायती ती." मी आधीच कळवलं होतं. संस्थेच्या कार्यालयातला माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, आई की वडील? मी म्हटलं, आत्या. तो म्हणाला, मॅडम, नियमात आत्या बसत नाही. आत्या आमच्या घरच्या नियमात तरी कुठे बसत होती...

पण खरी अडचण तात्या नव्हते. स्नेहलच म्हणाली, "मी जात नाही. आत्याचं सगळं होईपर्यंत थांबते. जागा गेली तर गेली." तीन दिवसांत तिने केस बांधले नव्हते. माझा नवरा पलटणीत एकवीस वर्षं काढलेला माणूस. त्यालाही चुलत्यापुढे शब्द फुटत नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू म्हटलेल्या पोरी आमच्या पंचक्रोशीत कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. त्या माझ्या दुकानात लोहाच्या गोळ्या न्यायला येतात.

मी ओसरीवर गेले. भावकी चहा पीत बसली होती. मी विचारलं, "तात्या, लग्न होऊन गेलेली लेक वारली तर माहेरच्यांना सुतक किती दिवसांचं?" तात्या सवयीने म्हणाले, "तीन." मी म्हटलं, "विमलआक्का तर सासरच्या. दिलेली लेक सासरची, हे तुम्हीच सांगितलंत. बारशाला, लग्नांना, सगळ्याला तोच नियम लावलात. मग आज तीन दिवस झाले. संपलं."

कुणीतरी फुर्रकन चहा ओढला. तात्या म्हणाले, "आगं पर, ती इथलीच की. मानूस हाय का काय हाय?"

"पस्तीस वर्षांपूर्वी हेच म्हणायचं होतंत," मी म्हटलं. "आता कुठलं तरी एक धरा. सासरच्या असतील तर पोरगी जाणार. इथल्याच असतील तर त्यांना उंबऱ्यातून घालवलंत ते चुकलं, असं पाच माणसांत म्हणा. मग मी पोरीला तेरा दिवस काय, वर्षभर थांबवते."

तात्या कप खाली ठेवून म्हणाले, "तीनच. शास्तर काय आमी बदलू शकत न्हाई." चूक कबूल करण्यापेक्षा त्यांना शास्त्र परवडलं. मला ते माहीतच होतं. इतकी वर्षं या माणसाच्या घरात काढल्यावर एवढं तरी कळायला हवं.

आत येऊन मी स्नेहलला विचारलं, "आत्यासाठी थांबतीयस का तात्यांसाठी?" तिने उठून केस बांधले आणि कागदपत्रांची फाइल काढली. मिरजेला गाडीत बसवताना मी तिला एवढंच सांगितलं की चटणीची बरणी सरळ ठेव, तेल सांडेल.

ती वेळेवर पोचली. आठवड्याने फोन आला. तिकडे भांडी धुवायला यंत्र आहे. सगळे यंत्रातून काढतात आणि सरळ वापरतात. हिने एक चंबू उजेडात धरला, थेंब दिसला, परत धुवायला ठेवला. शेजारचा सिनियर हसला. "मला काही वाटलं नाही," स्नेहल म्हणाली. "हसून झालंय आधी."

मागच्या रविवारी मी आक्कांच्या खोल्या रिकाम्या करायला सांगलीला गेले. डबे घासले, लेबलं मात्र काढली नाहीत. कपाटात वरच्या खणात एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी होती, तोंड नीट बंद केलेली. आत फ्लेक्सचा चौकोनी तुकडा: 'डॉ.' पिशवीवर जिऱ्याच्या डब्यावर असतं तसंच लेबल. वर 'स्नेहल'. पहिल्या ओळीत, भरल्याची तारीख, सत्काराच्या दिवसाची. अगदी खाली कंसात, 'फेकू नये'.

माझ्या दुकानात तारीख उलटलेला माल मी ठेवत नाही. ही पिशवी औषधांच्या कपाटात, माझ्या हाताशी ठेवली आहे. उघडल्याच्या तारखेची ओळ कोरी आहे.