अक्षदाचे दोन वाफे

महाळुंगे पडवळच्या अक्षदाला कांद्याची लागवड करताना कुणी पाहिलं असतं तर तो म्हणाला असता, बाई कामात गुंग आहे. ती गुंग होती, पण नुसती कामात नाही. तिचे ओठ हलत असायचे. आवाज बाहेर येत नसे. हात मात्र चुकत नसे. चार बोटांच्या अंतरावर रोप, अंगठ्याने दाब, पुढचं रोप. अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला, नाहीतर आठवड्यात नख जातं.

"काय गं चघळतीस सकाळधरनं?" शेजारून सरूबाई विचारायची. सरूबाई तिची जोडीदारीण. साठीच्या पुढची आणि जिभेने तरुण.

"काय न्हाई मावशी."

"काय न्हाई कसं? म्हस बी इतका येळ रवंथ करत न्हाई."

टोळी अकरा बायकांची होती. पाच जोड्या आणि मुकादम प्रयागबाई. टोळी जायची तर सगळी जायची. एकीने खाडा केला की तिची जोडीदारीण अडकते, आणि पाणी सोडलेला वाफा कुणासाठी थांबत नाही. म्हणून प्रयागबाईकडे खाड्याला दोनच कारणं चालत, मयत आणि बाळंतपण.

तिचा आणखी एक नियम होता. दिवसभर सगळ्या मिळून लावायच्या, पण शेवटी बांधाकडेचे वाफे वाटून दिले जायचे. एकीला दोन. ते तिच्या नावाचे वाफे. ते तिनेच लावायचे, दुसरीने हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनी प्रयागबाई शेतकऱ्याबरोबर ते वाफे बघायला जायची. रोप जिथे जगलं नाही तिथे मोकळी जागा दिसते, तिला नांगी म्हणतात. जिच्या वाफ्यात नांग्या, तिने स्वतः येऊन त्या भरायच्या. त्याची वेगळी हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळत नसे. सहा तालुके फिरलं तरी अशी टोळी मिळणार नाही, असं शेतकरी म्हणत. बायका प्रयागबाईला पाठीमागे शिव्या घालत आणि दुसऱ्या टोळीत जात नसत.

अक्षदा या टोळीत अकरा वर्षं होती. अकरावीत इंग्रजीत नापास झाली, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि पुढच्या हंगामात ती वाफ्यात उतरली. काम वाईट नव्हतं. पण ते वाकून करायचं काम होतं. तिच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या सेविका येत्या एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या. जागेला बारावी पास बाई हवी होती, गावातली. वयाची अट होती, आणि अक्षदाकडे दोनच वर्षं उरली होती. सेविकेचं काम उभं राहून करायचं असतं. मुलांच्यात असायचं, गाणी म्हणायची, वजनं घ्यायची. तिला ते हवं होतं. इतकं की ते तिने नवरा सुनील याच्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तिने गुपचूप भरला. मराठी, इतिहास, भूगोल तिने स्वतः वाचून काढले. भीती फक्त इंग्रजीची होती, आणि पहिलाच पेपर इंग्रजीचा होता.

मंचरला धरमचंद शेठचं कापडाचं दुकान आहे. तिथे साडी घेताना गल्ल्याशेजारी इंग्रजीचं जाड पुस्तक दिसलं. पुस्तक त्यांच्या सुनेचं होतं. डिंपल बी. ए. झालेली, इंग्रजी घेऊन. अक्षदाने साडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे मला शिकवाल का?"

डिंपल हो म्हणाली. धरमचंद शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "शिका. पण दुकानात रिकामे हात बरे दिसत नाहीत. उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत शिका."

तसं ठरलं. टोळीच्या सुट्टीच्या दुपारी अक्षदा दुकानात यायची, घड्या घालायची आणि शिकायची. ती पायरी चढली की शेठ म्हणायचे, "कांद्याचा वास आला, म्हणजे अक्षदाताई आल्या."

"तुम्ही तर कांदा खात नाही शेठ. वास कसा ओळखता?"

"खात नाही म्हणूनच ओळखतो. पण राग नाही हं. कांद्याला भाव आला की आमच्या साड्या उठतात."

अभ्यास मात्र पुढे सरकत नव्हता. अक्षदा शब्द पाठ करायची, वाक्य आलं की अडायची. एकदा डिंपलने वहीत वाक्य लिहिलं. द ओल्ड वुमन फ्रॉम राजुरी सोल्ड ए बास्केट ऑफ ग्रीन चिलीज.

"अर्थ सांग."

"म्हातारी. बाई. राजुरी. विकलं. टोपली. हिरवी. मिरच्या."

"बरं. आता सब्जेक्ट कोण? कुणी विकलं?"

अक्षदाने क्रियापद शोधलं. सोल्ड. त्याच्या लगतचा शब्द बघितला आणि म्हणाली, "राजुरीने."

शेठ गल्ल्यावरून हसले. "अख्खी राजुरी बसली मिरच्या विकायला? मग घेणार कोण?"

डिंपलही हसली, पण चूक नेमकी कशामुळे होते ते तिला कळलं नाही. अक्षदालाही कळलं नाही. डिंपलने तीनदा समजावलं की हा नाउन फ्रेज आहे, हा सगळा मिळून एक आहे. अक्षदाने मान हलवली. मान हलवणं आणि समजणं यात काय अंतर असतं ते तिला माहीत होतं. नवीन बायका प्रयागबाईपुढे अशीच मान हलवत.

जानेवारीच्या शेवटी टोळी महाळुंग्यातच एका रानात रोप उपटत होती. लागवडीच्या आदल्या दिवशी रोप उपटतात, शेंडे छाटतात आणि मूठमूठ रोपांची जुडी बांधतात. प्रयागबाई बांधावर उभी राहून ओरडत होती, "दहा जुड्या पाटीत! चार तिकडच्या वाफ्याला! ती मोठी जुडी हिकडं आण!"

अक्षदा जुडी उचलता उचलता थांबली.

मुकादम रोपं मोजत नव्हती. जुडी मोजत होती. जुडीत वीस रोपं असोत की तीस, ती उचलली की सगळी जाते. पाटीत टाका, बांधावर ठेवा, पाण्यात सोडा, जुडी तीच. आणि आपण काय करत होतो? इंग्रजीचं वाक्य लागवडीसारखं वाचत होतो. एक शब्द, चार बोटं अंतर, पुढचा शब्द. सगळे सारखे, सगळे सुटे. अकरा वर्षांची हाताची सवय डोळ्यांना लागली होती.

"अगं ये, भूत बघितलंस का?" सरूबाई म्हणाली.

"जुडी बघितली मावशी."

"मंग उचल की ती. बघायला आल्यासारखी करतीस."

पुढच्या सुट्टीला तिने डिंपलच्या हातातून पेन्सिल घेतली. द ओल्ड वुमन फ्रॉम राजुरी, एवढ्या शब्दांभोवती गोल काढला. ए बास्केटपासून चिलीजपर्यंत दुसरा. "ही एक जुडी. ही दुसरी. हिच्या जागी नुसतं शी. हिच्या जागी नुसतं इट. शी सोल्ड इट."

डिंपलने पेन्सिल परत घेतली. मग तिने तीच म्हातारी वेगवेगळ्या जागी नेऊन ठेवली. आधी क्रियापदाच्या मागे, दे कॉल्ड द ओल्ड वुमन फ्रॉम राजुरी. मग इज नंतर. मग विथ नंतर.

"जुडी तीच," अक्षदा म्हणाली. "वाफा बदलला. इथं ती विकते, इथं तिला हाक मारतात, इथं ती कोण आहे ते सांगितलं, इथं कुणीतरी तिच्याबरोबर आहे."

"सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट," डिंपल म्हणाली. "आणि शेवटचं प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट."

"नावं लिहून दे. ती पाठ करते."

त्या दिवशी बोलता बोलता नऊ साड्यांच्या घड्या चुकल्या. शेठनी त्या परत घालायला लावल्या.

पेपरला चार दिवस राहिले आणि प्रयागबाईने काम सांगितलं. बोरी बुद्रुकला दादाभाऊंचं रान. उशिराची लागवड, रोप जून झालेलं, एक दिवससुद्धा पुढे ढकलता येणार नव्हता. दिवस नेमका पेपरचा.

अक्षदाने रात्र काढली आणि सकाळी टोळीच्या पिकअपजवळ प्रयागबाईला गाठलं. सगळं सांगितलं. फॉर्म, अंगणवाडी, पेपर अकरा ते दोन.

प्रयागबाईने हातातली पाटी पिकअपमध्ये ठेवली. मग म्हणाली, "कधी भरला फॉर्म?"

"सप्टेंबरात."

"आन सांगतीस आज. मी अकराजणींचा शब्द दिलाय दादाभाऊला. अकराजणींचं रोप उपटायला सांगितलंय."

"चुकलं आत्या."

"पेपराचं चुकलं न्हाई. पाच म्हैनं तोंड मिटून बसलीस ते चुकलं. आमी काय तुला कोंडून घातलं असतं?"

पिकअपमध्ये सगळ्या ऐकत होत्या. सरूबाई म्हणाली, "तरीच म्हनलं, ही चघळती काय! इंग्रजी व्हय! माझी जोडीदारीण म्याडम व्हनार आन मला पत्त्या न्हाई."

"मयत न्हाई, बाळंतपण न्हाई," दुसरी एक हळूच म्हणाली. ती चेष्टा होती, पण कुणी हसलं नाही. सगळ्या प्रयागबाईकडे बघू लागल्या.

प्रयागबाईने पदर खोचला. "दिवसाचं काम आमी दहाजणी वढू. ते टोळीचं हाय. सरूबाई माझ्यासंगं बसंल. तुझी हजेरी अर्धी. पर नावाचे वाफे कुणी लावनार न्हाई. ते तुझे. पेपर झाला की यायचं आन लावायचं. न्हाई आलीस तर ते मोकळे राहतील, आन मी दादाभाऊला सांगंन कुणाचे हायेत ते."

"येते आत्या."

पेपरला अक्षदाने पेन्सिल नेली होती. उताऱ्यातलं वाक्य लांबलचक होतं, दोन ओळींचं. पूर्वी अशा वाक्यात ती पहिल्याच ओळीत अडायची. तिने जुड्या बांधल्या. चार झाल्या. मग एकेक जुडी कुठल्या वाफ्यात आहे ते बघितलं. काही शब्द तिला आले नाहीत, पण ते कोणाबरोबर आहेत ते कळत होतं. दोन प्रश्न राहून गेले. निबंध अर्धा झाला. घंटा झाल्यावर तिने वही दिली आणि पळत फाटकाबाहेर आली. सुनीलने मोटारसायकल चालूच ठेवली होती.

बोरीला पोचायला सव्वातीन झाले. दादाभाऊंचं रान हिरवं ठिपकलेलं होतं. बांधाकडेला, ओळीच्या बरोबर मधोमध, दोन वाफे काळे होते. पाणी दिलेलं, जुड्या कडेला ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या. सरूबाईने ट्यूबचा तुकडा पुढे केला. "घे. पेपर कसा गेला ते मंग सांग."

अक्षदा वाकली. बायकांचं काम पाचला संपलं. पिकअपवाला हॉर्न वाजवू लागला. प्रयागबाईने त्याला हाताने थांबवलं, पण वाफ्यात कुणाला उतरू दिलं नाही. दहाजणी बांधावर बसून राहिल्या. उजेड होता तोवर शेवटचं रोप लागलं.

तीन आठवड्यांनी प्रयागबाई वाफे बघून आली. "पयल्यात एक बी नांगी न्हाई. दुसऱ्यात चार. घाई केलीस." अक्षदा एका सकाळी एसटीने बोरीला गेली आणि चार रोपं लावून आली.

निकाल मे महिन्यात लागला आणि नेमणूक जुलैत झाली. कागद घेऊन ती आधी प्रयागबाईच्या घरी गेली.

"इंग्रजीत किती?" प्रयागबाईने विचारलं.

"त्रेचाळीस."

"कितीतलं?"

"शंभरातलं."

प्रयागबाईने मनात हिशेब केला. "म्हंजी सत्तावन्न नांग्या राहिल्या की."

"राहिल्या आत्या."

"मंग?"

पुढच्या सुट्टीला अक्षदा मंचरला गेली, दुकानाची पायरी चढली आणि डिंपलसमोर साड्यांच्या घड्या घालायला बसली.