सातवं विधान

२००४ साली मी ह्यूस्टनला मानसशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय काय, तर माणसांची वृत्ती मोजायची! इथल्या मराठी लोकांना जातीबद्दल खरंच काय वाटतं ते शोधायला मी वीस विधानांची प्रश्नावली केली होती. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. सातवं विधान होतं, 'कोणत्याही जातीच्या व्यक्तीबरोबर एका घरात राहायला माझी हरकत नाही.' पहिला फॉर्म मीच भरला आणि तिथे ऐटीत 'पूर्ण सहमत'वर टिक केली.

त्याच आठवड्यात माझी रूममेट सोडून गेली. मी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन बोर्डावर रूमची जाहिरात लावली आणि नागपूरहून एका मुलीचा फोन आला. ऑगस्टमध्ये येणार होती, इथे ओळखीचं कुणी नव्हतं. "ताई, मी स्वयंपाकही करीन," म्हणाली बिचारी. मी सवयीनं विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" तिनं सांगितलं. मला जे कळायचं ते कळलं.

"अगं, सॉरी हं, रूम कालच दिली."

कुणाला दिली? कुणालाही नाही! फोन ठेवला आणि मी पुन्हा प्रश्नावलीच्या प्रिंट काढायला लागले. तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही, याची आज जास्त लाज वाटते.

गणपतीत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला एका काकूंकडे आरतीनंतर मी फॉर्म वाटले. एक मुलगी भरलेला फॉर्म घेऊन आली.

"ताई, तुमचा आवाज ओळखला. रूमसाठी मीच फोन केला होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं विचारलं, "मग मिळाली का गं रूम?"

"मिळाली. लांब आहे, दोन बस बदलते." मग शांतपणे म्हणाली, "तुमची जाहिरात अजून बोर्डावर आहे."

माफी मागायला हवी होती. मी मूर्खासारखी "मोदक घेतलास का?" असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिचा फॉर्म पाहिला. एकोणीस विधानांपुढे टिक होती. सातव्यापुढे पाचही चौकोन कोरे, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'हे तुम्ही भरा.'

एक जरी विधान कोरं राहिलं तर फॉर्म बाद, हा नियम माझाच. तिचा फॉर्म मी बाद केला. माझा ठेवला.