खानावळवाल्याच्या घड्याळातली बायको

आफ्रा मावशी माझी शेजारीण. तिचं काम लाकडी रुळावर पितळी तारेचे बारीक खिळे ठोकायचं. तासाचा ठोका पडला की रूळ फिरायचा, खिळे तरफा उचलायचे, घड्याळातल्या बासऱ्या वाजायच्या आणि वर बाहुल्या हलायच्या. बाहुल्या तिचा भाऊ कोरायचा. फुर्टवांगेनकडच्या आमच्या डोंगरात घरोघरी घड्याळं बनत, पण मावशीचा रूळ नुसता ऐकून ओळखू यायचा. मधेच एखादा सूर जादा, डोळा मारल्यासारखा.

एका हिवाळ्यात खानावळवाला फिडेल आला.

"मावशी, घड्याळावर मी आणि माझी क्रेसेंझ हवी. बारा वाजले की भजन सुरू, आणि तिनं माझ्यापुढे वाकायचं."

"आणि तुम्ही?"

"मी उभा. मालक आहे मी!"

तिसऱ्या दिवशी क्रेसेंझ टोपलीभर अंडी घेऊन हजर.

"मी वाकणार म्हणे?"

"तसंच सांगून गेलेत."

"त्यांची बाहुली पोकळ आहे का गं?"

"छे, भरीव लाकूड."

"मग सोसेल," क्रेसेंझ म्हणाली. दोघी हसून लोळल्या.

ईस्टरला प्रार्थनेनंतर खानावळ गच्च भरली. पाद्रीबुवाही होते. बारा वाजले, भजन सुरू झालं, बाहुली कमरेत वाकली. फिडेलनं छाती फुगवून सगळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात भजन नाचाच्या ठेक्यात वळलं, बाहुली ताठ झाली आणि हातातला वाढायचा डाव लाकडी फिडेलच्या टाळक्यात टण्ण! ठेक्यावर चार वेळा. पाद्रीबुवांची बिअर नाकातून आली.

"हे काय?" फिडेल ओरडला.

"वाकली की नाही?" मावशीनं कोपऱ्यातून विचारलं.

"वाकली! पण नंतर?"

"नंतरचं तुम्ही कुठे सांगितलंत?" मावशी म्हणाली. "नवा रूळ हवा तर पुढच्या हिवाळ्यात."

फिडेलनं घड्याळावर चादर टाकली. गिऱ्हाइकांनी ती ओढून काढली. मग शेजारच्या खोऱ्यातूनही माणसं बाराच्या आधी येऊन बसू लागली, आणि उन्हाळ्यापर्यंत फिडेल स्वतःच घड्याळाखाली उभा राहून सांगू लागला, "बघा हं, आता बसेल!" नव्या रुळाचं नावही त्यानं काढलं नाही.

पाद्रीबुवा मात्र महिनाभर मावशीशी बोलले नाहीत. मग एका दुपारी तिच्या दारात आले.

"आफ्रा, ते भजन पुढे कसं वळतं, एकदा नीट गाऊन दाखव. अर्धवट डोक्यात बसलंय. वेदीपुढे उभा राहिलो की पाय हलतात."

मावशीनं दार लावून घेतलं. बुवांना ते शिकायला तासभर लागला, आणि भिंतीपलीकडे मी तोंडात एप्रनचं टोक कोंबून बसले होते.