बॉयलर मी पेटवला होता

उरणचा शिवदास ठाकूर आमच्या जहाजावर फिटर होता. मिठागरात वाढलेला, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी चौलचा, घरची सुपारीची वाडी, तीन पिढ्या मास्तरकीच्या, त्यात मी जहाजावर इंजिनिअर. मग काय, पाय जमिनीवर कशाला राहतायत! आज सांगताना लाज वाटते.

त्या सकाळी बॉयलर धड पेटेना. ज्योत लागायची, दोन सेकंदांत विझायची. वाफ नसली की इंजिनाचं जाड तेल थंड होऊन डांबरासारखं होतं, म्हणून चीफ इंजिनिअर फोनवरून शिव्या घालत होते. मी रीसेटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही.

शिवदास म्हणाला, "सायेब, थांबा. दर खेपेला आत तेल फवारलंय, त्याचा धूर कोंडलाय. पंखा पुरा फिरू द्या, भट्टी मोकली होऊ द्या. तवर मी नोझल साफ करतो, ज्योत बघणारी काच पुसतो. आमची आय सांगायची, चुलीत धूर कोंडला का तोंड लांब ठेव."

"बॉयलर आहे हा. तुझ्या आईची चूल नाही," मी म्हणालो. मिठागरवाला मला शिकवणार? पंखा पुरा फिरेपर्यंत बर्नर पेटू न देणारी सोय चुकवायला मीच तार जोडली आणि चौथ्यांदा बटण दाबलं. शिवदास पाना घेऊन बर्नरपाशी वाकला होता. त्याला 'बाजूला हो' एवढंही मी म्हटलं नाही.

धाडकन आवाज झाला आणि आगीचा लोळ बाहेर आला. त्याचा डावा गाल आणि दोन्ही हात भाजले. तो दवाखान्यात असताना मी अहवाल लिहिला, 'फिटरने न विचारता बॉयलर पेटवला.' त्यानंतर त्याला कुठल्याही जहाजावर घेतलं नाही.

चार वर्षांनी, यंदा, त्याच्या मुलीच्या, जागृतीच्या हळदीचं आमंत्रण आलं. माफी मागून टाकू म्हणून गेलो. मांडवात त्याच्या बायकोनं, नीराबाईनं, बसायला पाट दिला, हातात नारळ दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वहिनी, बॉयलर मी पेटवला होता," मी भडाभडा बोलून टाकलं.

"ठाव हाय आमाला," ती म्हणाली. "यांनी पयल्याच दिवशी सांगितलान. तुमी कवातरी याल, म्हनून वाट बघत व्हतो." तिनं आतून वही आणवली. "आता ह्येच कंपनीला लिवून द्या. चार ओळी. यांना परत घेतील."

भाजून आखडलेल्या बोटांनी शिवदासनं पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

माझी चीफची परीक्षा तोंडावर होती. "अलिबागला जाऊन नीट टाइप करून पाठवतो हां," मी म्हणालो.

त्यानं पेन मागे घेतलं. टोपण परत लावलं. "जेवून जा, सायेब."

मी जेवलो. वर मटण पुन्हा वाढूनही घेतलं. परीक्षा पास झालो. पत्र अजून पाठवलेलं नाही.