ईराला कॅनडात प्रवेश मिळाला नाही

मंडळी, आज संध्याकाळी इथे नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला सायकलवरून घरी येत होते, तेवढ्यात अमेरिकेतून माझ्या भाचीचा, ईराचा फोन आला.

ईरा जन्माने अमेरिकन. तिच्या आईबाबांचा व्हिसा संपला आणि ते गेल्या वर्षी कॅनडाला गेले. ती बारावीसाठी अमेरिकेतच मैत्रिणीच्या घरी राहिली. तिला कॅनडातल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला की सगळे पुन्हा एकत्र राहणार होते.

"मावशी, रिजेक्ट झालं. आईला तू सांगशील? मला नाही जमणार," म्हणाली आणि रडायलाच लागली.

रस्त्याच्या कडेला उभी राहूनच ताईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "ती जेवली का गं?"

मी ते विचारलंच नव्हतं.

इतक्या लांबून तुम्ही आपल्या माणसांना धीर कसा देता?