सदरा घालून केलेली पूजा

देव आहे का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आम्ही गुरव, घरात भाकरी यायची तीच महादेवाच्या सेवेतून. पण चौदाव्या वर्षी माझी खात्री झाली होती, की हा देव माझ्या मुळावर उठला आहे. माझी छाती बायकांसारखी फुगू लागली होती. शाळेतल्या पोरांनी मला बाईचं नाव ठेवलं. मी तालीम सोडली, विहिरीवर पोहणं सोडलं आणि सोलापूरच्या वैशाखात एकावर एक दोन सदरे घालू लागलो. आईला वाटायचं, पोराला शिष्टपणा आला. सांगणार कुणाला? आपण धड पुरुष होणार नाही, हे कुठल्या तरी पापाचं फळ आहे, असं मनाने घेतलं होतं.

त्यातच वडील हिवतापाने अंथरुणाला खिळले आणि पूजा माझ्यावर आली. आमच्याकडे पूजा सोवळ्यात, उघड्या अंगाने करायची. आई म्हणाली, "काहीही कर, पण देव पारोसा ठेवू नकोस." मी मान डोलावली, आणि गाभाऱ्याचं दार आतून लावून सदऱ्यासकट पिंडीवर पाणी घातलं. चार दिवस असंच चाललं. वडिलांचा ताप उतरेना, आणि तो माझ्या या लबाडीमुळेच उतरत नाही असं मला वाटू लागलं. ते गेले असते तर मी त्यांना मारलं, असंच मी जन्मभर धरून चाललो असतो. तरी सदरा काढायचा धीर होईना.

पाचव्या दिवशी सोमवार होता. बाहेरून हाक आली, "गुरव, दार उगडा की. लांबनं आलोय." उघडलं तर एक म्हातारा धनगर उभा, अंगावर घोंगडं, हातात दुधाचा तांब्या. घामाने भिजलेला सदरा आणि छातीवर घट्ट बांधलेले माझे हात त्याने पाहिले. रागावला नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, "कुनी चिडवलं का रं तुला?"

वर्षभर आईपासूनही लपवलेलं मी त्या अनोळखी माणसाला रडत रडत सांगून टाकलं. त्याने घोंगडं बाजूला ठेवलं. त्याची छाती माझ्यासारखीच होती. "पोरपनी लई जनांना व्हतं, आन् जातं बी. माजं तेवडं गेलं न्हाय," असं म्हणून तो हसला. "लगीन झालं, पाच लेकरं झाली. मेंढरांनी कदी इचारलं न्हाय. मग ह्यो महादेव इचारतोय व्हय?"

तांब्या माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "घाल." मी दोन्ही सदरे काढले. दार सताड उघडं ठेवून, हुंदके आवरत अभिषेक केला. तीर्थ द्यायला बाहेर आलो तर पायरी रिकामी होती. पुढे जवळच्या कुंभारी गावाकडच्या धनगरांत पुष्कळ चौकशी केली, पण असा माणूस कुणाच्या माहितीत नव्हता. तो कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

वडील आठवड्याने उठून बसले. डॉक्टरांचं कोयनेल लागू पडलं. माझी छातीही दोन वर्षांत आपोआप बसली. लोक म्हणतात, हीच कृपा. मला तसं वाटत नाही. ती बसली नसती तरी चाललं असतं, हे मला त्या सोमवारीच कळलं होतं. देवाला आपण निवडून चांगलं तेवढं वाहतो. मी त्या दिवशी माझी लाज वाहिली, आणि त्याने ती ठेवून घेतली.